जुनी बरोलो चाखताना

पंधरा-वीस वर्षं जुनी बरोलो (इटलीतली रेड वाइन) उघडण्याआधी बाटली निदान २४ तास उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. तो विषारी नसतो, पण ग्लासात आला की वाइन कडवट, खरखरीत लागते. तापमान १६-१८ अंश हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ विसरा आणि बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये उभीच ठेवा.

जुना कॉर्क ठिसूळ असतो. स्क्रूने त्याचा भुगा होतो, म्हणून दोन पात्यांचा ओपनर डावी-उजवीकडे डोलवत आत सरकवा आणि पिळत वर काढा. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाइन एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओता. बाटलीच्या खांद्याशी गाळाची रेघ दिसली की थांबा. तळाचे दोन-तीन घोट गेले तर जाऊ द्या.

मोठ्या ग्लासात ५०-६० मिली पुरे. कडेला विटकरी रंग दिसला म्हणून घाबरू नका, बरोलो ज्या द्राक्षाची बनते त्या नेब्बिओलोची वाइन लवकरच फिकट होते. ग्लास फिरवण्याआधी एकदा हुंगा. सुकलेला गुलाब, डांबर, चामडं, अळंबी हे सगळं चांगलंच. सुरुवातीचा कोंदट वास दहा मिनिटांत जातो. ओल्या पुठ्ठ्याचा मात्र वाढतच जातो. तो कॉर्कचा दोष, त्यावर इलाज नाही.

घोट तोंडात घोळवा. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतील, तो टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक. तासन्‌तास हवा देऊ नका, म्हातारी वाइन पटकन मालवते. पुढचा घोट मटणासोबत घ्या, फक्त तिखट बेताचं.