दुसरी बाइक घेताना टेस्ट राइड गर्दीतच घ्या
रोज ऑफिस आणि रविवारी ताम्हिणी, अशा दोन्हींसाठी दुसरी बाइक बघताय? मग टेस्ट राइड सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नको, संध्याकाळच्या गर्दीत घ्या. क्लच किती जड आहे, इंजिनची धग पायाला किती लागते, हे तिथेच कळतं. वजनही विचारा: रॉयल एनफिल्डची हंटर ३५० सुमारे १८१ किलो, त्यांचीच क्लासिक ३५० सुमारे १९५. पार्किंगमधून रोज मागे ओढून काढताना हा फरक चांगलाच जाणवतो. टॉप स्पीडचं फार मनावर घेऊ नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना तशीही बंदी आहे. घाटउतारावर ब्रेक महत्त्वाचे. काही स्वस्त व्हेरिएंटमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असतं, दोन्ही चाकांना असलेलंच घ्या. आणि शक्यतो ट्यूबलेस टायर.