कारची बीडिंग, व्हायजर घरी चिकटवताय? या चुका टाळा

पहिल्या दमदार पावसात किंवा वॉशिंग सेंटरवर दाराची बीडिंग (दारावर बाहेरून चिकटवायची पट्टी) एका टोकाने उचलली, की सगळे तिच्या मागच्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपला नावं ठेवतात. टेप बहुतेक वेळा चांगलीच असते. तसलीच ॲक्रिलिक फोम टेप गाड्यांच्या कारखान्यातही वापरतात. गडबड होते ती पत्रा तयार करताना आणि नंतरच्या घाईत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी धुऊन चकचकीत दिसली की लगेच पट्टी लावणं. ती चकाकी वॅक्स-पॉलिशची असते आणि टेप रंगाला न चिकटता त्या थराला चिकटते. टायर चमकवणाऱ्या सिलिकॉन स्प्रेचे उडालेले तुषारही तेवढेच घातक. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने एकाच दिशेने पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. आपोआप वाळू दिलंत, तर सुटलेला तेलकटपणा परत तिथेच बसतो. पेट्रोल नको, त्याचाही थर मागे राहतो. थिनर तर रंगालाच लागतो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर दिलेला संरक्षक थर) अल्कोहोलने निघत नाही, त्यामुळे ज्याने ते केलं त्यालाच आधी विचारा. दार नुकतंच रंगवून आणलं असेल तर महिनाभर थांबा.

हवामानाकडे फारसं कुणी बघत नाही. या टेपला साधारण 21 ते 38 अंश तापमान मानवतं. नागपुरात मे महिन्यात उन्हात तापलेला पत्रा आणि नाशिकमध्ये डिसेंबरच्या सकाळी दव धरलेला पत्रा, दोन्ही वाईट. गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला कोमट लागला की कामाला लागा.

आता मापाचं. पट्टी आधी कोरडीच धरून बघा, खालच्या रेषेला मास्किंग टेप लावा. दाराच्या पुढच्या कडेपासून पट्टी थोडी मागे ठेवा. दार उघडताना ती कड आत वळते, त्यामुळे पुढे आलेली पट्टी शेजारच्या पत्र्यावर घासते. टेपवरचा कागद एकदम काढू नका. दोन्ही टोकांना इंचभर सोडवून बाहेर दुमडा, पट्टी रेषेवर बसवा आणि मग उरलेला कागद सावकाश ओढा. टेपला बोट लावू नका.

व्हायजर (खिडकीच्या वरच्या कडेला लावायची प्लॅस्टिकची पट्टी) दाराच्या वळणाशी जुळत नसेल तर जबरदस्तीने वाकवून बसवू नका. वाकवलेलं प्लॅस्टिक सरळ व्हायला सतत जोर लावतं आणि आधी टोकं सुटतात. तो दुसऱ्या मॉडेलचा असेल तर बदलून आणा.

चिकटवल्यावर अंगठ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कचकचून दाबा. ही टेप दाबानेच धरते. साध्या तापमानाला 20 मिनिटांत निम्मी, 24 तासांत सुमारे 90 टक्के आणि 72 तासांत पूर्ण पकड येते. म्हणून तीन दिवस गाडी धुवायची नाही आणि व्हायजर लावलेल्या दाराची काच पहिला दिवस खाली करायची नाही. पावसाळ्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल, तर हे काम उघडीप बघूनच काढा.

एकदा निघालेली टेप परत दाबून बसत नाही. त्यावर फेव्हिक्विक ओतणं तर फारच वाईट: ते कडक होतं, उन्हात प्लॅस्टिक प्रसरण पावलं की तडकतं आणि रंगावर डाग सोडतं. हेअर ड्रायरने पट्टी कोमट करा, मागून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी फिरवा, उरलेला फोम अंगठ्याने गुंडाळत काढा. मग पट्टीची मागची बाजूही पत्र्यासारखीच पुसून टोकापासून टोकापर्यंत नवी टेप लावा.