धनुष्यबाणाने शिकार करताना संरक्षणासाठी पिस्तूल निवडताय? या चुका टाळा

अमेरिकेतील माँटाना, वायोमिंग आणि आयडाहो या राज्यांच्या डोंगराळ भागात सप्टेंबर महिना म्हणजे एल्क या मोठ्या हरणाच्या माजाचा काळ आणि धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा हंगाम. बंदूकधारी शिकारी दोन-तीनशे मीटरवरून नेम धरू शकतो, पण धनुर्धाऱ्याला सावजाच्या तीस-चाळीस मीटरपर्यंत पोहोचावे लागते. त्यासाठी तो झाडीत मिसळणारे कपडे घालतो, वारा तोंडावर घेऊन पावलाचाही आवाज न करता चालतो आणि मादी एल्कच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावतो. अस्वलांच्या प्रदेशात फिरताना मोठ्याने बोला, आपली चाहूल लागू द्या, असे जे सर्वांना सांगितले जाते, त्याच्या नेमके उलट असे हे वागणे आहे. त्यातच हिवाळ्यापूर्वी चरबी साठवण्यासाठी ग्रिझली अस्वले या दिवसांत जवळजवळ अखंड खात असतात, आणि एल्कच्या मादीचा आवाज त्यांनाही ऐकू येतो. म्हणून इकडचे अनेक धनुर्धारी कमरेला किंवा छातीवर पिस्तूल बाळगतात. ते निवडताना होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक चुका एकाच ठिकाणी जन्म घेतात: दुकानाच्या काउंटरवर, जिथे गिऱ्हाइकाचे दोन्ही हात मोकळे असतात आणि पाठीवर काहीही नसते.

रानात चित्र वेगळे असते. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्या शिकाऱ्याच्या डाव्या हातात धनुष्य असते, म्हणजे शस्त्र काढायला उजवा हात तेवढा उरतो. त्या हाताच्या मनगटालाही बहुतेकांनी रिलीज बांधलेला असतो, म्हणजे कंपाउंड धनुष्याची दोरी पकडून सोडणारे चाप असलेले छोटे उपकरण. ते तळहाताशी लोंबत राहिले तर पिस्तुलाच्या मुठीवर पकड नीट बसत नाही आणि चापाच्या कडीत बोट घालताना ते आड येते. पाठपिशवीचा रुंद कमरपट्टा कमरेवरचे होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, झाकून टाकतो. छातीवर दुर्बिणीची पेटी आधीच असते. हे सर्व अंगावर चढवून, धनुष्य डाव्या हातात धरून आणि रिकामे, दोनदा तपासलेले पिस्तूल घेऊन घरी वीस-पंचवीस वेळा ते बाहेर काढून पाहिल्याशिवाय निवड पक्की करू नये. ग्रिझली ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटरचे अंतर ती जेमतेम दोन सेकंदांत कापते. तेवढ्या वेळात धनुष्य टाकून देणे, हात होल्स्टरपर्यंत जाणे आणि पिस्तूल रोखणे हे सगळे व्हायला हवे, आणि ते होत नसेल तर पिस्तूल किती जबर आहे याला काही अर्थ उरत नाही.

छातीवरचे होल्स्टर कमरपट्ट्याच्या अडचणीतून सोडवते, म्हणून ते लोकप्रिय आहे. मात्र बंदूक घेऊन फिरणाऱ्याला जे सोयीचे, ते धनुर्धाऱ्याला तसेच्या तसे चालेल असे नाही. धनुष्य पूर्ण ओढल्यावर आणि बाण सुटल्यावर प्रत्यंचा छातीच्या अगदी जवळून जाते. होल्स्टरचा पट्टा, मूठ किंवा बकल तिला लागले तर बाण भरकटतो, आणि ही गोष्ट बहुधा ऐन एल्क समोर असताना लक्षात येते. म्हणून होल्स्टर घालून उभ्याने, गुडघ्यावर बसून आणि उतारावर वळून सरावाचे बाण मारून पाहावेत. होल्स्टर थोडे खाली किंवा दोरीच्या विरुद्ध बाजूला सरकवल्याने प्रश्न सुटत असेल तर उत्तम, अन्यथा पाठपिशवीच्या कमरपट्ट्यावरच बसणारे होल्स्टर पाहावे. त्यात एक मेख आहे: पिशवी उतरवली की पिस्तूलही उतरते. त्याकडे पुढे येऊच.

फिरत्या चक्रात काडतुसे भरलेले रिव्हॉल्व्हर की स्वयंचलित (खरे तर अर्धस्वयंचलित) पिस्तूल, हा वाद चुलीवरच्या चहासारखा कायम उकळत असतो. धनुर्धाऱ्याच्या दृष्टीने त्यातला एकच मुद्दा खरोखर निर्णायक आहे. नळीत काडतूस न भरता बाळगलेले स्वयंचलित पिस्तूल वापरायला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते, आणि त्यासाठी दुसरा हात लागतो. ज्याला नळीत काडतूस ठेवून, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये पिस्तूल बाळगण्याचा सराव आणि धीर नाही, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे हे बरे, कारण त्यात चाप ओढला की गोळी सुटते. शिवाय अस्वल अंगावर आलेच आणि स्वयंचलित पिस्तुलाची नळी त्याच्या अंगात रुतली तर स्लाइड किंचित मागे ढकलली जाऊन गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हरला ती अडचण नाही. उलट बाजूने पाहिले तर रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा काडतुसे मावतात, तर १० मिमीच्या ग्लॉक २० या स्वयंचलित पिस्तुलाच्या मॅगझिनमध्येच १५ असतात, आणि गोळी झाडताना त्याचा हाताला बसणारा धक्का .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जबर काडतुसापेक्षा सोसायला सोपा असतो. त्यामुळे अलीकडे बरेच जण १० मिमीकडे वळले आहेत, आणि माझ्या मते नियमित सराव करणाऱ्यासाठी ती निवड चुकीची नाही.

कॅलिबरबाबत, म्हणजे गोळीच्या व्यासाबाबत, दोन्ही टोकांना चूक होते. शहरात स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेले ९ मिमीचे पिस्तूल घरी आहेच, तेच नेऊ, असे म्हणणारा एक. .५०० मॅग्नमचे प्रचंड रिव्हॉल्व्हर घेऊन वर्षभरात त्यातून मोजून दहा गोळ्या झाडणारा दुसरा. पहिल्याला पूर्णपणे चूक म्हणता येत नाही, कारण २०१६ मध्ये अलास्कातील एका अनुभवी मार्गदर्शकाने चाल करून आलेले तपकिरी अस्वल (ग्रिझली याच जातीचे) ९ मिमीनेच थांबवले होते. पण त्याच्याकडे दशकांचा अनुभव होता आणि त्याने शहरी वापराच्या नव्हे, तर खोल जाणाऱ्या कठीण गोळ्या भरल्या होत्या. दुसऱ्याची चूक अधिक महाग पडते. पहिल्या गोळीनंतर नळी आकाशाकडे गेली आणि दुसरी गोळी झाडायला दीड सेकंद लागला, तर त्या दीड सेकंदात अस्वल पोहोचलेले असते. १९५५ मध्ये बाजारात आलेले .४४ मॅग्नम आजही या कामासाठी मापदंड मानले जाते. ते ज्याला पेलत नाही त्याने १० मिमी किंवा .३५७ मॅग्नम घ्यावे आणि उरलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर खर्च करावेत.

वजनाच्या मोहाबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. दिवसाला पंधरा किलोमीटर डोंगर चढणाऱ्याला हलके पिस्तूल हवेसे वाटणारच, आणि .४४ मॅग्नमची पाऊण किलोच्याही आतली, स्कँडियमयुक्त मिश्रधातूची रिव्हॉल्व्हरे मिळतातही. मात्र शस्त्र जितके हलके तितका धक्का हाताला जास्त बसतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या झटक्याने चक्रातील न झाडलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या पुढे सरकून बाहेर डोकावू शकतात आणि चक्र फिरायचे थांबते. हलके रिव्हॉल्व्हर घ्यायचेच असेल तर ज्या काडतुसांवर भरवसा ठेवणार आहोत त्याच काडतुसांनी, चक्रातले शेवटचे काडतूस मागे ठेवून बाकीची झाडावीत आणि शेवटच्या काडतुसाची लांबी तपासावी.

काडतुसांची निवड हा तसाच दुर्लक्षित विषय आहे. माणसापासून संरक्षणासाठी बनवलेली होलो पॉइंट गोळी शरीरात शिरताच फुलते आणि लवकर थांबते, जेणेकरून ती आरपार जाऊन मागच्या कोणाला लागू नये. अस्वलाच्या बाबतीत जाड कातडी, चरबी आणि खांद्याचे हाड पार करून आत जाणारी गोळी लागते, आणि त्यासाठी हार्ड कास्ट म्हणजे कठीण शिसे-मिश्रधातूची, सपाट टोकाची, न फुलणारी गोळी वापरतात. मात्र अशा सपाट टोकाच्या गोळ्या काही स्वयंचलित पिस्तुलांत अडकतात, म्हणून किमान पन्नास-साठ गोळ्या अडथळ्याविना झाडून झाल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. जुन्या पिढीच्या ग्लॉकच्या बहुभुजी नळीत आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्यांमुळे शिसे साचते, हेही ध्यानात ठेवावे. तिथे तांब्याचे आवरण असलेल्या किंवा संपूर्ण तांब्याच्या खोल जाणाऱ्या गोळ्या घ्याव्यात.

आता पाठपिशवीवरच्या होल्स्टरकडे परत येऊ. शिकार साधल्यानंतर एल्कचे मांस कापून पिशव्यांत भरायला तासन्‌तास लागतात. या वेळी शिकारी पिशवी आणि पट्टा काढून बाजूला ठेवतो, हात रक्ताने माखलेले असतात, नजर खाली असते आणि रक्ताचा वास वाऱ्यावर दूर गेलेला असतो. अस्वलांचे हल्ले होण्यासाठी याहून अनुकूल घटका नाही. म्हणून पिस्तूल शरीरावरच राहील अशी सोय निवडतानाच करावी, जोडीदार असल्यास एकाने पहारा द्यावा, आणि मांस रात्रभर तिथेच राहिले तर सकाळी मोठ्याने आवाज करत, वाऱ्याची दिशा पाहून परत यावे.

पिस्तूल घेतले म्हणजे बेअर स्प्रेची, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याची, गरज संपली, ही समजूत कदाचित सर्वांत घातक आहे. अलास्कातील घटनांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन ९२ टक्के वेळा थांबवल्याचे आणि जवळून स्प्रे वापरणाऱ्या ९८ टक्के लोकांना इजा न झाल्याचे आढळले. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात २६९ घटना तपासल्या गेल्या. त्यात पिस्तुलांचे यश ८४ टक्के दिसले, पण बंदूक जवळ असलेल्यांना होणाऱ्या इजेचे प्रमाण त्यांनी ती वापरली किंवा नाही, यावर अवलंबून नव्हते. दोन्ही अभ्यासांतील घटनांचे स्वरूप वेगळे असल्याने या टक्केवारींची थेट तुलना करणे योग्य नाही. तरीही घाबरलेल्या माणसाला धावत्या अस्वलाच्या मेंदूवर नेम धरण्यापेक्षा समोर ढग सोडणे सोपे जाते, हे नाकारता येत नाही. स्प्रेचा डबा किमान २२५ ग्रॅमचा आणि अस्वलांसाठीच बनवलेला असावा. धनुष्य धरलेल्या हाताच्या बाजूला स्प्रे आणि दुसऱ्या बाजूला पिस्तूल, अशी विभागणी मी सुचवीन.

कायदा राज्यागणिक बदलतो. माँटानात धनुष्याच्या हंगामात संरक्षणासाठी पिस्तूल बाळगता येते, पण जखमी एल्क त्याने संपवता येत नाही. इतर राज्यांत नियम वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षाची शिकार-नियमावली वाचावीच. अलास्का सोडून अमेरिकेतील ग्रिझली १९७५ पासून संघीय कायद्याने संरक्षित आहेत. स्वसंरक्षणार्थ मारली तरी ते कळवणे बंधनकारक असते. अलास्कात अशा अस्वलाचे कातडे आणि कवटी राज्याकडे जमा करावी लागते. कॅनडात संरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याची परवानगी सामान्य शिकाऱ्याला मिळत नाही, त्यामुळे सीमेपलीकडे शिकारीला जाताना ते घरीच राहू द्यावे.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास संघीय कायदा मनाई करतो. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून मित्राचे पिस्तूल ‘नुसते हातात घेऊन पाहण्या’पूर्वीही परवान्यावरची तारीख पाहावी. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. आणि हंगामानंतर तीच पाठपिशवी घेऊन मुंबईला येणार असाल, तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. कोपऱ्यात विसरलेले एकच जिवंत काडतूस विमानतळावर सापडले तरी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.