‘एम्परर जोन्स’ बसवताय? आधी गोळ्या मोजा

अमेरिकन नाटककार युजीन ओनीलचं ‘द एम्परर जोन्स’ करायचं मनात असेल तर तालमीला बसण्याआधी हे वाचा, कारण हे नाटक फसलं की नुसतं कंटाळवाणं होत नाही, काळ्या माणसाची टिंगल होऊन बसते. हक्कांचं आधी सांगून टाकते, लेखक १९५३ मध्ये गेला त्यामुळे आपल्याकडे मूळ संहिता २०१४ पासून मोकळी आहे, कुणाचा अनुवाद घेतलात तर मात्र त्यांची परवानगी लागेल.

ब्रूटस जोन्स हा अमेरिकेत रेल्वेच्या पुलमन डब्यात, म्हणजे आरामशीर झोपायच्या डब्यात, प्रवाशांची सेवा करणारा पोर्टर होता, फाशांच्या जुगारात त्याने जेफ नावाच्या माणसाचा खून केला, मग तुरुंगातल्या गोऱ्या गार्डला मारून पळाला आणि वेस्ट इंडिजमधल्या एका बेटावर राजा होऊन लोकांना टॅक्सने पिळतोय. बंड होतं, तो जंगलात पळतो, तिथे त्याला एकामागून एक भास होतात, ती एक रात्र म्हणजे हे नाटक.

पहिला प्रवेश कापू नका. आमच्या वाचनात लांबतोय म्हणून आम्ही अर्धा कापला आणि पुढे कुणाला काही वाटेचना. तिथे जोन्स स्मिदर्स नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याला सरळ सांगतो की छोटी चोरी केली की जेल आणि मोठी केली की राजा, आणि ही अक्कल तो दहा वर्षं डब्यातल्या गोऱ्या साहेबांच्या गप्पा ऐकून शिकलाय. तो लुटारू आहे हे प्रेक्षकाला नीट दिसू दे, त्याला बिचारा करून आणू नका, जीव तुटायचा तो जंगलात तुटतो.

आता गोळ्या. पाच शिशाच्या, एक चांदीची. त्यानेच थाप मारलेली असते की मला फक्त चांदीची गोळी मारू शकते. दुसऱ्या प्रवेशात बिनआकाराच्या भीतींवर एक, मग जेफच्या भुतावर एक, गार्डवर एक, पाचव्यात गुलामांच्या लिलावात दोन, सातव्यात मगरीवर चांदीची. सहाव्यात, गुलामांच्या जहाजात, एकही नाही. प्रत्येक बार वेगळा आणि स्पष्ट ऐकू आला पाहिजे, प्रेक्षक मनात मोजायला लागला की तो जोन्सबरोबर घाबरायला लागतो, मग वेगळी सहानुभूती मागावी लागत नाही. आणि लिलाव, जहाज हे त्याच्या आयुष्यात घडलेलंच नाहीये, त्याच्या पूर्वजांचं आहे, म्हणून तिथे नटाला ओरडू देऊ नका, जहाजात तर त्याचा आवाज बाकीच्यांच्या कण्हण्यात मिसळतो, तेवढंच पुरे.

बंडखोरांचा ढोल पहिल्या प्रवेशाच्या शेवटी सुरू होतो तो मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे साधी नाडी, आणि मग वाढतच जातो. मोबाईलवर मेट्रोनोम लावा, दर प्रवेशाला आठ-दहा ठोके वाढवा. पथकातला ढोल मात्र आणू नका, आपल्या कानाला त्यात गणपतीच ऐकू येतो.

चेहरा काळा रंगवायचा नाही, ह्यावर चर्चाच नको. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करून हसवायचे, त्या काळात, १९२० ला न्यूयॉर्कमध्ये, प्रोव्हिन्सटाउन प्लेयर्स ह्या नाटकमंडळीने हा रोल चार्ल्स गिल्पिन ह्या काळ्या नटाला दिला. संहितेत काळ्यांसाठीची शिवी सारखी येते, गिल्पिन ती प्रयोगात बदलायला लागला, लेखकाशी खटके उडाले, आणि १९२४ ला पुन्हा नाटक आलं तेव्हा रोल पॉल रोबसन ह्या दुसऱ्या काळ्या नटाकडे गेला होता. मला गिल्पिनचं पटतं. अनुवादात ती शिवी कमी करा, स्मिदर्सच्या तोंडी एक-दोनदा ठेवा म्हणजे टोचेल, पण तिच्या जागी आपली जातिवाचक शिवी घालू नका आणि जोन्सला विनोदी गावठी बोली देऊ नका.

सातव्या प्रवेशातला मांत्रिक सगळ्यात धोक्याचा, पिसं लावून नाच केलात की सगळं पाण्यात. पडद्यावर सावली आणि आवाज, बस.

शेवटी बंडखोरांनी रात्रभर नाणी वितळवून चांदीच्या गोळ्या केलेल्या असतात, जोन्सची थाप त्यालाच लागते. बार, आरोळ्या आणि ढोल एकदम बंद. तिथे लगेच संवाद नको, दहा सेकंद तरी काहीच वाजू देऊ नका, मग त्याला उचलून आत आणा.