रेकीला कान सोबत न्यावेत: पहिल्या विद्यार्थी-लघुपटाचा अनुभव

पुण्यात संज्ञापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करताना शेवटच्या सत्रात मी १४ मिनिटांचा एक लघुपट दिग्दर्शित केला. निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराच्या वस्तीवर डिसेंबरात तीन दिवस चित्रीकरण झाले, आणि तो लघुपट पूर्ण व्हायला त्यानंतर साडेपाच महिने लागले. तेवढा काळ कशात गेला हे यंदा डिप्लोमा फिल्मच्या तयारीत असलेल्यांना आधीच कळावे, म्हणून हे लिहीत आहे. शॉट डिव्हिजन, १८० अंशांचा नियम, कंटिन्युइटी या गोष्टी तुम्हाला वर्गात शिकवलेल्या असतील, तेव्हा त्या मी गृहीत धरतो.

कथा साधी होती. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे तुलनेने उबदार पाणी ठिबकमधून सोडतात. अशाच एका पहाटे आई आणि मुलगा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून बाग ठेवायची की विकायची यावर बोलतात. सहा मिनिटांचा हा संवाद म्हणजेच आमचा लघुपट होता. बाकी सारे त्याच्या अलीकडे-पलीकडे होते.

नोव्हेंबरात आम्ही चौघे रेकीला, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी पाहून यायला, गेलो. छायाचित्रे घेतली, खोलीची मापे घेतली, खिडकीतून ऊन कोणत्या वेळी कुठे पडते ते लिहून ठेवले, विजेचे बोर्ड तपासले. घर शांत होते आणि रस्ता दूर होता. संवाद पहाटेचा असला तरी खिडक्यांना काळे कापड लावून तो दिवसा चित्रित करायचा, म्हणजे कोणाला जागरण होणार नाही, असे आम्ही ठरवले. त्या खोलीत डोळे मिटून, न बोलता, पाच मिनिटे उभे राहण्याचे मात्र चौघांपैकी एकालाही सुचले नाही. सुचले असते तरी त्या दिवशी काही ऐकू आले नसते, आणि खरा सापळा तिथेच होता.

शेतीपंपांची थ्री-फेज वीज त्या भागात पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आम्ही रेकीला गेलो तेव्हा रात्रीची पाळी होती, म्हणून दिवसभर शांतता होती. चित्रीकरणाला गेलो तेव्हा पाळी बदललेली होती. बहुतेक शेतकऱ्यांच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, त्यामुळे वीज आली की कोणी हात न लावता मोटर सुरू होते. पहिल्या दिवशी सकाळी मास्टर शॉट, म्हणजे सगळा प्रसंग एकाच चौकटीत घेणारा शॉट, निर्विघ्न झाला. आईच्या क्लोज-अपचा तिसरा टेक सुरू असताना मागच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली, मग शेजारच्या वस्तीवरची, मग आणखी कुठली तरी. हेडफोन लावून बसलेल्या मित्राने हात वर केला. पण आईची भूमिका करणाऱ्या बाई, ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आयुष्यभर हौशी रंगभूमीवर काम केलेल्या होत्या, त्या टेकमध्ये अशा काही थांबल्या होत्या की मला तो मोडवेना. मी मित्राला म्हणालो, "राहू दे, आवाजाचे नंतर बघू."

"नंतर बघू" या दोन शब्दांची किंमत नीट समजून घ्या, कारण हे शब्द तुमच्याही तोंडी येणार आहेत. घरमालकांकडे जाऊन अर्धा तास मोटर बंद ठेवण्याची विनंती करणे मला शक्य होते. शेजारच्या दोन वस्त्या चालत दहा मिनिटांवर होत्या. तिथे जाता आले असते. निदान वायरमनला फोन करून वीज किती वाजता जाणार हे विचारता आले असते, आणि संवादाचा भाग त्यानंतर घेता आला असता. कॉल शीट, म्हणजे दिवसाचे चित्रीकरणाचे वेळापत्रक, कोलमडेल या भीतीने मी यातले काहीही केले नाही.

एडिटला बसल्यावर काय झाले ते सांगतो. मास्टर शॉटमध्ये मोटर नाही, आईच्या क्लोज-अपमध्ये आहे, मुलाच्या क्लोज-अपमध्ये आहे पण कमी, कारण त्याच्याकडे बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, वळवला तेव्हा मागची खिडकी माइकच्या तोंडासमोर नव्हती. प्रत्येक कटला घरघर उमटे आणि नाहीशी होई. चित्रातला कट प्रेक्षक सहज स्वीकारतो. पार्श्वभूमीच्या आवाजातला कट त्याला लगेच टोचतो आणि समोर खोली नसून तुकडे आहेत हे त्याच्या लक्षात येते. हे तुकडे जोडण्यासाठी त्या खोलीचा रूम टोन, म्हणजे कोणी न बोलता घेतलेला किमान एक मिनिटाचा आवाज, हाताशी असावा लागतो. आम्ही तोही घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळे दमले होते, गाडी उभी होती, आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायला साठ सेकंद स्तब्ध उभे राहा, असे सांगण्याचा मला संकोच वाटला.

आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा फार भरवसा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि मोटरची गुणगुण मुख्यतः १००, १५०, २०० अशा तिच्या पटींत पसरते. माणसाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण त्याच पट्ट्यात असतो. पुरुषाचा शंभरच्या आसपास किंवा थोडा वर, स्त्रीचा दोनशेच्या आसपास. त्यामुळे गुणगुण खरवडून काढली की आवाजाचा गाभाही खरवडला जातो. बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येऊ लागला. पंधरा दिवस मी वेगवेगळे प्रीसेट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार मांडण्या, लावत बसलो. व्हिडिओ पाहून प्रीसेट लावणे म्हणजे दुसऱ्याच्या आजारावरचे औषध घेणे आहे, असे माझे आता ठाम मत आहे; ते पंधरा दिवस कानाला सवय लावण्यात घालवले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर डबिंगचा प्रयत्न झाला. आपल्या चित्रपटांत अनेक दशके संवाद नंतर ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती, तेव्हा आम्हालाही ते जमेल असे वाटले. पण ती माणसे सरावलेली होती. आमच्या बाई पुण्यात येऊन काचेमागे उभ्या राहिल्या तेव्हा ओठ जुळले, श्वास जुळला नाही. चुलीपाशी उकिडवे बसून, अंगावर घोंगडी घेऊन निघालेला आवाज वातानुकूलित खोलीत उभे राहून निघत नाही. त्या परत निघताना म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंस, मी दहा वेळा केलं असतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते मला अधिक लागले.

मार्ग दाखवला तो एका निवृत्त ध्वनिमुद्रकांनी. मार्गदर्शक निवडण्याविषयी माझे एक मत आहे आणि ते सर्वांना पटेल असे नाही: लेन्स आणि सेन्सरविषयी भरभरून बोलणाऱ्यापेक्षा जो माणूस तुमचा लघुपट आधी पडद्याकडे पाठ करून ऐकतो, त्याच्याकडे जावे. त्या सरांनी तेच केले. सहा मिनिटे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कथेत ही मोटर सुरू आहे का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "का नाही? पहाटे पाणी सोडतात ना?"

आम्ही जो आवाज इतके दिवस खोडत होतो, तो त्या प्रसंगाचाच होता. थंडीत बाग वाचवण्यासाठी पहाटे मोटर चालतेच. तो काढायचा नव्हता, सर्व शॉट्सखाली सलग ठेवायचा होता, म्हणजे कटला तो उमटणार नाही आणि बुजणारही नाही. मात्र त्यासाठी मोटरचा सलग आवाज, खोलीचा रूम टोन आणि काही ओळी त्याच जागी पुन्हा मुद्रित करणे आवश्यक होते. फेब्रुवारीत आम्ही परत गेलो. द्राक्षकाढणी सुरू होती, दिवसभर ट्रॅक्टर आणि क्रेटचा खडखडाट होता, म्हणून रात्री अकरा ते तीन काम केले. घरमालकांनी ऑटो काढून ठेवला आणि आम्ही सांगू तेव्हा मोटर सुरू-बंद केली. बाई त्याच जागी, तीच घोंगडी घेऊन बसल्या. चित्र न पाहता नुसत्या ओळी घेतल्या; अशा ओळींना वाइल्ड लाइन्स म्हणतात. त्या दुसऱ्याच प्रयत्नात जुळल्या.

हे वाचून तुम्हाला धास्ती वाटली असेल तर सांगतो की यातले जवळजवळ सारे टाळण्यासारखे आहे आणि त्याला पैसे फार लागत नाहीत. आमच्या ७५ हजारांपैकी ३२ हजार कॅमेरा आणि लेन्सवर गेले, आवाजावर अवघे ४ हजार. आज मी साधा कॅमेरा घेईन आणि वाचलेल्या पैशांत अनुभवी ध्वनिमुद्रक तीन दिवसांसाठी घेईन. तेही शक्य नसेल तर मित्रालाच बसवा, पण त्याला टेक थांबवण्याचा अधिकार सर्वांसमक्ष द्या आणि तो त्याने वापरला की दिग्दर्शक म्हणून तो माना. रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा. संवादातले सर्वांत मोठे आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. बूम चौकटीत दिसणार नाही इतपत जवळ आणा, कारण माइक दुप्पट अंतरावर गेला की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो आणि खोलीचा आवाज तेवढाच राहतो. चित्राबाबत एकच सूचना देतो: सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रीकरण करत असाल आणि खोलीत ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे चित्र लुकलुकणार नाही.

बाकी कौशल्ये मला याच गोंधळातून मिळाली. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन त्याच्या कामात खंड न पाडता मदत कशी मागावी, हे मी फेब्रुवारीत शिकलो; डिसेंबरात मला फक्त लोकेशनची परवानगी मागता येत होती. मानधन न घेणाऱ्या मित्रांना प्रवासखर्च आणि वेळेवर जेवण देणे हे सौजन्य नसून दिग्दर्शकाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो. आणि मुलाच्या मोबाइलवर जुने गाणे वाजताना दाखवण्याचा मोह आम्हाला झाला होता, तसा तो तुम्हालाही झाला तर आधी हक्कांची चौकशी करा. आपल्या कायद्यानुसार गीत आणि संगीत यांवरील हक्क गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो.

तुमची रेकी पुढच्या आठवड्यात असेल तर चित्रीकरण ज्या वेळी करणार त्याच वेळी जा, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या दिवशी दोनदा जा. तिथल्या माणसांना विचारा की इथे आवाज कशाकशाचा येतो आणि केव्हा. वीज केव्हा येते, गिरणी केव्हा सुरू होते, शाळा केव्हा सुटते, भोंगा, आरती, दुधाची गाडी, शेजारचे बांधकाम, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. आम्ही घरमालकांना मोजून चाळीस प्रश्न विचारले होते आणि त्यांतला एकही ऐकण्याविषयीचा नव्हता.

लघुपटाच्या शेवटी आई म्हणते, "विकू नकोस एवढ्यात." मूळ संकलनात हे वाक्य मोटरच्या घरघरीतच होते. फेब्रुवारीच्या त्या रात्री घरमालकांनी मोटर बंद केली तेव्हा पंखा मंदावत थांबावा तसा आवाज उतरत गेला आणि खोलीत अचानक चुलीतल्या लाकडाची तडतड ऐकू आली. आम्ही तो आवाज मुद्रित केला आणि संकलन बदलले. आता वीज जाते, मोटर थांबते, दोघेही क्षणभर वर बघतात, आणि मग आई ते वाक्य बोलते. त्या वर बघण्याचा शॉट आमच्याकडे होता, कारण पहिल्या दिवशी मोटर सुरू झाली तेव्हा दोघांनीही नकळत वर पाहिले होते आणि मी टेक थांबवला नव्हता.