सापाची अंडी उबवताना खाली काय अंथरावं?

पायाचं खोदकाम करताना किंवा कडब्याची गंजी हलवताना धामणीची, कधी नागाची अंडी उघडी पडतात आणि सर्पमित्राला फोन येतो. जागा तशीच राहणार असेल तर हलक्या हाताने माती परत लोटून निघून यावं, यासारखं दुसरं काही नाही. ते अशक्य असेल तेव्हाच अंडी उचलायची, आणि तीही वन विभागाला कळवून, त्यांच्या परवानगीने. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या अंड्यांना संरक्षण आहे.

उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. कोंबडीचं अंडं फिरवतात, सापाचं फिरवायचं नसतं. आतला गर्भ कवचाला धरून असतो. अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवू नका.

आता अंथरूण. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. भोवतालची ओल ते शोषून घेतं आणि त्याच कवचातून श्वासही घेतं. म्हणून खालच्या थरात ओल हवी आणि हवाही खेळती हवी. बागेतली माती इथेच नापास होते: भिजली की घट्ट बसते, शिवाय मुंग्या आणि बुरशी सोबत आणते. लाकडाचा भुसाही नको, त्यावर बुरशी लवकर धरते.

माझी पहिली पसंती व्हर्मिक्युलाइटला. अभ्रकासारखं हे खनिज भट्टीत फुगवलेलं असतं, त्याच्या पदरांमध्ये पाणी धरलं जातं. रोपवाटिकेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं; खत मिसळलेलं घेऊ नका. पाणी वाटीने मोजू नका, वजनाने मोजा. १०० ग्रॅमला ८० ते १०० ग्रॅम पाणी पुरतं. पांढरं परलाइट, म्हणजे भट्टीत फुगवलेल्या खडकाचे हलके दाणे, तेही चालतं. त्यात हवा जास्त खेळते, पण ते लवकर सुकतं.

खेड्यात हे दोन्ही मिळालं नाही तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वापरा. त्यात क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. कोकोपीट भरपूर पाणी पितं, त्यामुळे चूक बहुधा जास्त ओलीचीच होते. ओलं फार झालं की अंडी सडतात.

झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाच-सहा सेंटिमीटरचा थर द्या आणि अंडी त्यात निम्मी रुतवा. झाकणाला दोन-चार बारीक भोकं पुरेत. अंड्यांसकट डब्याचं वजन करून झाकणावर लिहून ठेवा. दर आठवड्याला जेवढं वजन घटेल तेवढंच कोमट पाणी कडेने सोडा, अंड्यांवर कधीच नाही. मध्येच अंड्याला खळगा पडला तर ओल कमी पडते आहे. अगदी शेवटच्या दिवसांत मात्र असा खळगा पडणं साहजिक आहे.

तापमान २७ ते ३० अंश ठेवा, डबा उन्हात ठेवू नका. नाग-धामणीला साधारण दोन महिने लागतात. पिल्लू कवच चिरून नुसतं डोकं बाहेर काढतं आणि कधी दिवसभर तसंच बसून राहतं, कारण पोटातला बलक शोषून व्हायचा असतो. त्याला ओढू नका. नागाचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं, डब्यात उघडा हात घालू नका. सगळी पिल्लं बाहेर येईपर्यंत अंथरूण ओलसर ठेवा, मग वन विभागाच्या सांगण्यानुसार अंडी सापडली त्याच परिसरात ती सोडा.