पावसाळ्यात ड्रायर: कपडे कसे निवडावेत, वीज कशी वाचवावी

बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की गॅलरीतली चादर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. ड्रायर तेव्हा खरा उपयोगी पडतो. मे महिन्यात मात्र दोरीच बरी.

सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबालाही आपण ड्रायर म्हणतो, पण तो कपडे फक्त फिरवून पाणी काढतो. इथे विषय गरम हवेच्या ड्रायरचा आहे. तरी बचत होते ती त्या फिरवण्यातच. साध्या हीटरने १ लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६ युनिटच्या वर वीज जाते. तेच पाणी स्पिनमध्ये फार कमी विजेत निघते. म्हणून टॉवेल, जीन्स, चादरी आधी मशीनच्या सर्वांत जास्त वेगावर पिळून घ्या.

धुताना रंग पाहावा, वाळवताना जाडी. टॉवेलबरोबर पातळ सदरा घातला, तर सदरा आधी वाळून पुढे उगाच तापत राहतो आणि आटतो, टॉवेल ओलाच राहतो. चादरी वेगळ्या, एका वेळी फार तर दोन. त्यांच्यात अभ्रे, मोजे गुंडाळले जातात आणि आतून ओले राहतात, म्हणून अर्ध्यावर थांबवून गुंडाळी सोडवा.

रेशीम, लोकर, जरीची साडी आणि नवरात्रातली आभल्यांची चणिया-चोळी ड्रायरमध्ये नकोच. चिकटवलेले आभले उष्णतेने सुटतात. तेल पुसलेली फडकी तर कधीही घालू नका. धुऊनही तेल उरते आणि गरम ढिगात ते आपोआप तापून पेटू शकते.

प्रत्येक कपडा झटकून, मोकळा करून टाका. ड्रम गच्च भरला की हवा खेळत नाही आणि वेळ वाढतो. जाळीवर साचलेला तंतूंचा थर दर वेळी काढा. तो राहिला तर वाळायला वेळ लागतोच, शिवाय आगीचा धोका असतो. हवा बाहेर टाकणाऱ्या ड्रायरचा पाइप आखूड, सरळ आणि खिडकीबाहेर हवा. कंडेन्सरवाल्याची, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करून साठवणाऱ्या ड्रायरची, पाण्याची टाकी दर वेळी रिकामी करा. हीट पंपवाला, म्हणजे तीच उष्णता पुन्हा वापरणारा ड्रायर, महाग असतो, पण वीज खूपच कमी खातो. रोज वापरणार असाल तर तोच घ्यावा. साध्या ड्रायरचा हीटर बहुधा २,००० वॅटच्या आसपास असतो, त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको.

इस्त्रीचे सुती कपडे किंचित ओलसर असतानाच काढा. बाकीचे, शेवटची थंड हवेची फेरी पूर्ण झाल्यावर लगेच काढून घड्या घाला. ड्रममध्ये पडून राहिले की चुण्या बसतात.